दाजींचा ऑइल कूलर

आमच्या गायन पार्टीची गाडी सात सीटची, डिझेलवर चालणारी, आणि माझ्या आधी आणखी एका मालकाच्या हातून गेलेली. एप्रिल ते जूनच्या तोंडापर्यंत ती घरी अशी उभी राहत नाही. भीमजयंतीची तारीख एकच असली तरी गावोगावचे कार्यक्रम काही एका दिवशी होत नाहीत. वर्गणी जमेल, मंडप मिळेल, पुण्याला कामाला गेलेली पोरं सुटी काढून येतील, तसतसे ते मे संपेस्तोवर चालतात. माझी थोरली बहीण, आक्का, गाते. मी पेटीवर. ढोलकीला दाजी, म्हणजे तिचे यजमान. कोरसला तिच्या दोन जावा. बाकीचं वर्षभर मी नांदेडच्या एका सरकारी दवाखान्यात रक्त-लघवी तपासतो. पण एप्रिल-मेमध्ये माझी खरी नोकरी ड्रायव्हरची असते, कारण आमच्यात गाडी चालवणारा मी एकटाच.

त्या मे महिन्यात आम्ही उमरीकडे निघालो होतो. मुदखेडच्या अलीकडे रेल्वेचं फाटक पडलेलं. दुपारची वेळ, टपावर दाजींचा स्पीकर आणि गाद्या बांधलेल्या, आत एसी चालू, गाडी उभ्या उभ्या घुरघुरत होती. माझ्या शेजारी बसलेले दाजी एकदम ओरडले, "बंद कर! गाडी बंद कर आधी!"

काय झालं ते मला कळेना. त्यांनी स्टिअरिंगमागच्या मीटरच्या काचेवर बोट आपटलं. समोर तेलाच्या कुपीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत होता. मी किल्ली फिरवली. सगळे खाली उतरून बाभळीच्या पातळ सावलीत उभे राहिले. मी बोनेट उघडून ऑइलची काडी ओढून पाहिली, पुसून परत घातली, परत पाहिली. ऑइल काठोकाठ होतं.

"ऑइल तर आहे, दाजी."

"हाय तर हाय. पण तापून पातळ होऊन राहिलं. आत पाण्यावानी झालं आसंल. ह्याला कूलर पाहिजे."

"कूलर?" आक्काची धाकटी जाऊ म्हणाली. "गाडीत कुठं ठेवता कूलर? आधीच पाय ठेवायला जागा न्हाई."

मग दाजींनी तिथंच, फाटकाशी, सगळ्यांना समजावून सांगितलं. रेडिएटरसारखंच एक लहान जाळीचं खोकं असतं, ते पुढे बसवायचं. इंजिनातलं गरम ऑइल पाइपातून त्यात येतं, वाऱ्यानं थंड होतं आणि परत इंजिनात जातं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. एक नाही, लई पाहिले होते. तेवढ्यात मालगाडी गेली, फाटक उघडलं, गाडी सुरू केली तर दिवा नाही. दाजी उमरीपर्यंत दिव्याच्या जागेवरून नजर काढायला तयार नव्हते, आणि ढोलकीचा पुडा आवळायचा सोडून कार्यक्रमाआधी तिथल्या कार्यकर्त्यांना ऑइल कूलरच समजावत बसले.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं माझं पुरतं ऐकून घेतलं नाही.

"लावून टाका ना साहेब. ट्रकला असतो, ट्रॅक्टरला असतो, तुमच्या गाडीनं काय पाप केलंय?"

"पण ऑइल खरंच तापतंय हे नक्की आहे का?"

"मे महिन्यात नांदेडात काय तापत न्हाई साहेब?"

पुढच्या रविवारी लातूरला सासुरवाडीला गेलो होतो. तिथं मेव्हण्याच्या ओळखीचा एक मिस्त्री होता, त्याला विचारलं. त्यानं कूलरचं नाव ऐकताच हातातला पान्हा खाली ठेवला.

"हे कुणी सांगितलं? नांदेडवाल्यानं? अजिबात लावू नका. एक सांधा वाढला की गळायची एक जागा वाढली. रस्त्यात पाइप सुटला तर सगळं ऑइल सांडून तुमचं इंजिन जाम. मग बसा कूलर कुरवाळत."

राहिली शोरूम. तिथल्या टाय लावलेल्या तरुणानं मला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि म्हणाला, "सर, कंपनीनं दिलेला नाही म्हणजे गरज नाही."

"मग दिवा का लागतो?"

"सर, गाडी जुनी झाली. एक्स्चेंजमध्ये बघायची का नवीन?"

तिघांनीही बोनेट उघडलं नव्हतं. ह्याचाच मला जास्त संताप आला. माझ्या टेबलासमोर दिवसभर रांग असते, आणि डॉक्टर कितीही घाईत असले तरी आधी तपासणी आणि मग औषध, हा साधा नियम मी नोकरीला लागल्यापासून पाळत आलोय. इथं एक म्हणतो ऑपरेशन करा, दुसरा म्हणतो केलं तर मराल, तिसरा म्हणतो पेशंटच बदला. नाडी कुणी बघत नाही. मी दाजींना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "माणूस तापला का न्हाई ते कपाळाला हात लावून कळतं. त्याला लॅब लागत न्हाई."

"इंजिनाचं कपाळ कुठं असतं दाजी?"

ते हसले नाहीत. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो.

शेवटी मी ठरवलं, आधी मोजायचं. लातूरच्या त्याच मिस्त्रीला गळ घातली. कूलर नको, निदान दोन मीटर बसव. एक ऑइलचा दाब दाखवणारं, एक ऑइल किती गरम आहे ते दाखवणारं. "खामखा," असं तो तीन-चारदा म्हणाला, पण बसवली. स्टिअरिंगच्या खाली, माझ्या गुडघ्याला लागतील अशी. त्या दिवसापासून माझ्या पँटचा गुडघा तिथं घासून पांढरा व्हायला लागला, पण मी खूश होतो. आता वाद संपणार होता. मीटर काही दाजींच्या बाजूचं नाही आणि माझ्याही नाही, असं मला वाटलं.

पुढचा कार्यक्रम मुखेडच्या पलीकडच्या गावात होता. कंधारवरून निघालो. रस्ता चढ-उताराचा, ऊन तर विचारू नका. दाजी मधल्या बाजूला सरकून, मान वाकडी करून काट्याकडं बघत बसले आणि मोठ्यानं आकडे सांगायला लागले. "नव्वद... शंभर... शंभरावर गेलं बग." मागून आक्का म्हणाली, "अहो, जरा गाणं आठवू द्या की मला." त्यांचं चालूच. चढावर काटा एकशे दहाला टेकला. मी सांगितलं की डिझेल इंजिनाचं ऑइल एवढं गरम होतंच, ते त्यासाठीच बनवलेलं असतं, मी वाचलंय. दाजी म्हणाले, "वाचलंस ना? मी बघून राहिलो."

मुखेडात बाजाराचा दिवस निघाला. शेळ्या, भाजीचे गाडे, एसटीच्या दोन बसा समोरासमोर अडकलेल्या. गाडी जागेवर उभी, आणि लाल दिवा लुकलुकायला लागला. या क्षणाचीच मी वाट बघत होतो. मी दाबाच्या मीटरवर बोट ठेवलं. काटा जिथं असायला हवा तिथं होता, हललासुद्धा नव्हता.

"बघा. ऑइलचा दाब व्यवस्थित आहे. दिवा खोटं बोलतोय. आत एक बारीक स्विच असतो दिव्याचा, तो खराब झालाय. बाकी काही नाही."

"मीटर खोटं आसंल."

"नवीन आहे दाजी."

"नवीन म्हणून खरं व्हतं का?"

मी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. चुकून हॉर्न वाजला. समोरचा शेळीवाला वळून बघायला लागला.

नांदेडला परतलो आणि आधी तो स्विच बदलून घेतला. अंगठ्याएवढी वस्तू. त्यानंतर दिवा लागायचा पूर्ण थांबला. उन्हात तासभर गाडी सुरू ठेवून, एसी लावून, मी अंगणात बसून राहिलो. दिवा नाही. दाब बरोबर. मग गाडी घेऊन थेट आक्काच्या घरी गेलो. सांगायला, की संपलं, कूलरची काही गरज नाही.

दाजी ओट्यावर ढोलकी मांडीत घेऊन दोऱ्या आवळत बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे दिवा लागू नये म्हणून दिव्याचंच बटन बदललं तू."

"तसं नाही दाजी..."

"तसंच हाय. रडतंय म्हणून लेकराचं तोंड दाबलं." त्यांनी ढोलकीवर एक थाप मारली, आवाज ऐकला, परत दोरी ओढली. "मह्या जीपचं म्हाईत हाय का तुला?"

माहीत होतं. म्हणजे मला तरी तसं वाटत होतं. आक्काचं लग्न झालं तेव्हा दाजींची काळी-पिवळी जीप होती, मुखेड ते नांदेड चालायची. तिचं इंजिन जाम झालं आणि ती घरामागं लिंबाखाली उभी राहिली. पुढं तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. आमच्या घरात ही गोष्ट हसण्यावारीच सांगितली जायची. पाहुणे आले की कोणीतरी म्हणायचंच, आमच्या दाजींची जीप अंडी देते. दाजीही हसायचे.

"जांबच्या पुढं व्हतो," ते म्हणाले. "लग्नाचं वऱ्हाड. आत माणसं, टपावर माणसं, मागं लटकलेली. दिवा लागला. मी म्हनलं, थांबू जरा. तर समदे वरडाया लागले, चला हो, गाव दिसून राहिलं की, लग्न लागंल तिकडं. मलाबी वाटलं, दिसतंय गाव. मी चाललो." त्यांनी दोरीला गाठ मारली. "गाव दिसतच राहिलं. पोचलोच न्हाई. आतून आसा आवाज आला, जसं कुणी खलबत्त्यात लोखंड कुटून राहिलं. वऱ्हाड उतरून पायी गेलं. कुणी मागं वळून बगितलं न्हाई. मी रातभर तितंच बसलो. त्याच्या बाद मी स्टिअरिंगला हात लावला न्हाई."

खरं सांगायचं तर माझ्या मनातला वैताग काही जाईना. ती जीप वेगळी, ही गाडी वेगळी. तेव्हाचा दिवा खरा होता, आत्ताचा खोटा होता, आणि मी ते मोजून दाखवलं होतं. मी शक्य तितक्या शांतपणे तसं म्हटलं.

दाजींनी ढोलकी बाजूला ठेवली. "तू लॅबवाला हायस. तुला जे कळतं ते मला न्हाई कळत. पण ह्या गाडीत कूलर बसल्याबिगर मी बसनार न्हाई."

"मग यष्टीनं या!" मी म्हणालो आणि किल्ली घेऊन निघालो.

आले ना ते यष्टीनं. मला वाटलं नव्हतं. पुढचा कार्यक्रम देगलूरच्या वाटेवरच्या एका लहान गावात होता. आम्ही गाडीतून ऊन कलायच्या आत पोचलो, चहा झाला, विहारासमोर मंडपात बसलो. माणसं जमली. दाजींचा पत्ता नाही. फोन लागेना. आक्कानं बराच वेळ भाषणं लांबवून घेतली. एका सत्कारमूर्तीनं तर दोनदा भाषण केलं. शेवटी आक्कानं नुसत्या पेटीवर पहिलं गाणं सुरू केलं. आक्काचा आवाज मोठा आहे, उघड्या मैदानात माइक नसला तरी चालतो. पण तिचं गाणं ढोलकीवर बसून चालतं. त्या दिवशी ते रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या माणसासारखं चालत होतं. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं स्पष्ट विचारलं, "वाजवनारा कुठं हाय गं तुजा?"

दुसऱ्या गाण्याच्या मधे दाजी आले. एसटीनं फाट्यावर सोडलं होतं, तिथून ते चालत आले होते. खांद्यावर ढोलकी, पोटऱ्यांपर्यंत धूळ. समोरच्यांना हात जोडून जय भीम केला, माझ्याकडं न बघता माझ्या शेजारी बसले आणि चालू गाण्यातच सम पकडली. आक्कानं डोळे मिटले. मंडप टाळ्यांनी भरून गेला. मी पेटी वाजवत राहिलो आणि माझे दात एकमेकांवर घासत राहिले.

परतताना ते पुन्हा यष्टीला गेले. आक्का गाडीत पुढं माझ्या शेजारी बसली, दाजींच्या जागेवर. बराच रस्ता गेल्यावर म्हणाली, "लाव तो कूलर."

"आक्का, त्याची गरज नाही. मोजून झालंय."

"गरज न्हाई म्हनूनच सांगून राहिले. गरज आसती तर तू आपून होऊन लावला आसता."

"मग गाडीला औषध द्यायचं आणि बरं व्हायचं दाजींनी?"

"हाव," ती म्हणाली. "मला ढोलकी पाहिजे."

तिच्यापुढं माझं लहानपणापासून चाललेलं नाही. मी नांदेडच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याचा जिंकल्यासारखा चेहरा बघवत नव्हता. "म्हनलं व्हतं ना साहेब," असं तो गाडी वर चढवताना म्हणाला, खाली झोपून म्हणाला, आणि हात पुसतानाही म्हणाला. मी एकाच गोष्टीवर अडून बसलो की ऑइल पुरेसं गरम झाल्यावरच कूलरकडं वळेल असा झडपेचा जोड बसवायचा, नाहीतर थंडीच्या दिवसांत ऑइल गरमच व्हायचं नाही. तो म्हणाला, नांदेडात थंडी असती का? मी म्हटलं, बसव. निदान एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली. कूलर रेडिएटरच्या पुढं नको, तिकडचा वारा अडेल, म्हणून बाजूला बसवायला लावला. तसं करायला त्यानं सगळा दिवस घेतला.

फरक पडला का? पडला, थोडा. मोकळ्या रस्त्यावर काटा पूर्वीपेक्षा जरा खाली राहायला लागला. मिरवणुकीच्या मागं गाडी मुंगीच्या चालीनं चालते तिथं काहीच फरक नाही, कारण कूलरला वारा लागतो आणि मिरवणुकीत वारा नसतो. हे मी दाजींना सांगितलं नाही. सांगूनही उपयोग नव्हता, कारण कूलर बसल्यापासून त्यांनी काट्याकडं बघणंच सोडून दिलं. माझ्या शेजारी बसायचे, लोहा यायच्या आत झोपायचे आणि गाव आलं की उठायचे.

काट्याकडं आता मीच बघायला लागलो. लातूरच्या मिस्त्रीचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. प्रत्येक कार्यक्रमाआधी खाली वाकून दोन्ही पाइपांचे सांधे हातानं चाचपून बघायचे, बोटाला ऑइल लागतंय का ते बघायचं. एका सांध्यातून खरोखरच पाझरायला लागलं. आवळलं. परत पाझरलं. अंगणातल्या फरशीवर काळे ठिपके पडायला लागले आणि बायकोनं गाडी रस्त्यावर लावायला सांगितलं. दाजींना दाखवलं तर म्हणाले, "गळून राहिलं म्हणजे आत ऑइल हाय. गळायचं थांबलं की फिकीर कर." शेवटी वॉशर बदलल्यावर ते थांबलं, आणि त्या रात्री मी खरंच उठून आत ऑइल आहे ना ते बघून आलो. भीती साथीची असते की काय कोण जाणे. दाजींची उतरली आणि मला लागली.

पावसाळा गेला. ऑक्टोबरात लातूरला एका मोठ्या मंडळाचा कार्यक्रम होता. सकाळीच निघालो. लोहा मागं पडलं, रस्ता रुंद आणि रिकामा. दाजी जागे होते. म्हणाले, "बाजूला घे बरं जरा."

मला वाटलं लघवीला. मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी आले आणि उभे राहिले. "सरक तिकडं."

मी मागं वळून आक्काकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, मुद्दाम. मी उतरून पलीकडं गेलो. दाजींनी सीट पुढं ओढली, आरसा हलवला, पायानं तिन्ही पेडल चाचपले आणि गाडी सुरू केली. पहिल्याच झटक्याला बंद पडली. परत सुरू केली. निघालो.

ते चाळीसच्या पुढं जाईनात. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं. मागून ट्रक हॉर्न देत होते, एक ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून गेला. मी म्हणालो, "दाजी, चौथा टाका आता. उलट असंच जास्त तापतं." त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, कपाळावर घाम होता, एसी चालू असूनही. म्हणाले, "तापू दे की. कूलर हाय."

माळेगाव गेलं. त्यांनी चौथा टाकला. अहमदपूरच्या अलीकडं मी म्हटलं, द्या आता, दमला असाल. त्यांनी ऐकलं नाही. चाकूर आलं, तेव्हा परत म्हटलं. लातूरला आम्ही इतक्या उशिरा पोचलो की आयोजकांनी दुसऱ्या पार्टीला आमच्या आधी बसवलं होतं. आक्का माझ्यावरच चिडली, की निघताना उशीर का केला. मी पेटी उतरवून घेतली. दाजी गाडी मागंपुढं करत, मंडपाच्या खांबाला दोनदा लागता लागता वाचवत, सावली शोधून लावत होते.